उंबरवाडीची एकोणीस पोरं

कुपी मी खिडकीपाशी नेली, उजेडात धरली आणि हलवली. आत पांढरे कण गरगर फिरले आणि बुडाशी जाऊन बसले. पुन्हा हलवली, पुन्हा बसले. नासलेल्या दुधासारखे.

संध्याकाळचे पाच वाजले होते. आरोग्य केंद्रात तेव्हा माझ्याशिवाय कुणी नव्हतं, हे एक बरं होतं, कारण मी तिथंच फरशीवर फतकल मारून बसले.

त्रिगुणी लस म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरची. ती थंड ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. गोठली की संपली. मग ती टोचली काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच. म्हणून बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढले की आधी टेबलावर ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच लसीच्या डब्यात भरायचे. हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण त्या दिवशी सकाळी मी उशिरा उठले होते, खोटं कशाला बोलू. सव्वासातची एसटी सुटली असती. मी दगडासारखे पॅक काढले, डब्यात कोंबले, कुप्या त्यांच्या मध्ये खुपसल्या आणि स्टँडकडे पळत सुटले. पॅक नंतर वाजवू म्हटलं, आणि विसरले.

आणि त्या दोन कुप्यांमधून मी उंबरवाडीची एकोणीस पोरं टोचून आले होते.

मी शैला भिंगारदिवे. मूळची नगरची, पाटणच्या डोंगरात नर्स म्हणून लागून तेव्हा मला सहाच महिने झाले होते. तोंडाची फटकळ, चालायला चपळ आणि स्वतःवर भारी खूश. उंबरवाडी ही आमच्या केंद्राची डोकेदुखी होती. अकरा वर्षांपूर्वी हौसाक्का शेलार यांच्या थोरल्या नातवाला टोचलं, त्याची मांडी पिकली, पोर दीड महिना अंथरुणाला खिळलं. तेव्हापासून हौसाक्कांनी घरात सुई येऊ दिली नव्हती. आणि हौसाक्का नाही म्हणाल्या की वाडी नाही म्हणायची. त्या मंगळवारी मात्र, माझ्या सहा महिन्यांच्या हेलपाट्यांनंतर, हौसाक्का स्वतः धाकट्या सुनेला, कमलला, घेऊन आल्या. कमलच्या कडेवर तीन महिन्यांची प्रगती. ते बघून वाडीतल्या बाकीच्या बायकाही निघाल्या. मी तर परतताना एसटीत गाणं गुणगुणत होते.

फरशीवरून उठले तेवढ्यात डॉक्टर आले. नलावडे सर तरुण होते, स्वभावाने भला माणूस.

"काय सिस्टर, उंबरवाडीत किती?"

"एकोणीस, सर."

"एकोणीस? अहो, तालुक्याच्या मीटिंगला मी हा आकडा पहिला सांगणार."

मी कुपी मुठीत धरून उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी हसले. सर गेल्यावर कुपी कचऱ्याच्या डब्यात टाकली, पाच मिनिटांनी परत काढली आणि कपाटात मागं लपवून ठेवली. का ठेवली ते मला आजही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडे बाई आल्या त्या हातात डबा घेऊनच. झेंडे बाई आम्हा नर्सेसच्या वरच्या, आरोग्य सहायिका. अंगानं जाड, गुडघ्यांनी त्रासलेल्या, आठ महिन्यांनी रिटायर होणार होत्या. उभी हयात याच खोऱ्यात गेलेली. त्यांनी कधी कुणाला शाबासकी दिल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"शेंगोळी आहेत," डबा माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या. "तुमच्या नगरला कुळथाची करतात ना, तशी केलीत. उंबरवाडीबद्दल. मला अकरा वर्षांत जमलं नाही ते तू सहा महिन्यांत केलंस."

मी झाकण उघडलं. लसणाचा वास आला आणि मला रडू फुटलं. रडत रडतच सगळं सांगितलं. पॅक, एसटी, कण, सरांना बोलले नाही ते, कुपी कपाटात आहे ते.

बाईंनी कुपी आणायला लावली. हलवली, उजेडात बघितली.

"झाकण लाव डब्याला. मुंग्या येतील," म्हणाल्या. मग कुपी टेबलावर ठेवली. "कालच का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"माझी?"

"तुमचीपण."

"वाटणारच," बाई म्हणाल्या. मला वाटलं आता कडाडतील, पण त्या उठल्या आणि गुडघा चोळत सरांच्या खोलीकडं निघाल्या. "चल. आणि यादी घे."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. डोक्याला हात लावला, पण रागावले नाहीत. उलट थोड्या वेळानं त्यांचा चेहरा खुलला.

"हे बघा, पोरांना धोका नाही. फक्त ती लस धरायची नाही, परत द्यायची. वर मी कळवतो, ते मला टाळता येणार नाही. सिस्टर, तुम्हाला मेमो येईल. पण वाडीला कशाला सांगायचं? सरकारनं एक जादा डोस पाठवलाय असं सांगू. सगळ्या येतील. खरं सांगितलंत तर एकही परत येणार नाही, आणि पोरं तशीच राहतील. डांग्या खोकला आला तर कोण जबाबदार?"

मला ते शंभर टक्के पटलं. मी बाईंकडं बघितलं.

"माझं काही नाही," बाई म्हणाल्या. "लस हिनं दिली, सांगणारपण हीच. जादा डोस म्हणायचं तर म्हण. पण आधी इथं म्हणून दाखव. मी कमल शेलार. हं, काय सांगतेस?"

मला वाटलं चेष्टा करतायत, पण त्या खरंच कडेवर पोर असल्यासारखा हात धरून बसल्या होत्या.

"कमल," मी म्हटलं, "प्रगतीला परत एक इंजेक्शन द्यायचंय. सरकारनं जादा डोस पाठवलाय."

"कशापायी जादा?"

"म्हणजे... जास्त चांगला म्हणून."

"मग मंगळवारचा चांगला नव्हता?"

"होता."

"सासूबाई विचारतील. शेजारच्या वाडीला मिळाला का जादा?"

"नाही."

"आम्हालाच का मग?"

समोर बाई होत्या, पण मला कमलच दिसत होती. तिनं पोर माझ्यापुढं धरताना डोळे मिटून घेतले होते, तेही आठवलं. मी सरांना म्हटलं, "सर, मला नाही जमायचं. मी खरं सांगते."

"मग तुमची वाडी गेली समजा," सर म्हणाले. वैतागून नाही, काळजीनं.

गुरुवारी आम्ही दोघी चढलो. एसटीच्या फाट्यापासून तासाभराची चढण, त्यात बाई दर दहा पावलांवर थांबायच्या. मी मनात हिशेब मांडला होता: वर गेल्यावर बाई बोलतील, वयानं मोठ्या आहेत, वाडी ओळखते, मी बाजूला मान खाली घालून उभी राहीन. फार तर दोन वाक्यं बोलीन. बाई सोबत आहेत या एकाच आधारावर मी तो डोंगर चढले.

अंगणवाडीच्या ओट्यापुढं बायका जमल्या. पोरं कडेवर, मांडीवर. हौसाक्का भिंतीला टेकून बसल्या, शेजारी कमल. मी ओट्यावर उभी राहिले आणि बाईंना जागा केली. बाई आल्याच नाहीत. त्या खाली गेल्या, बायकांच्या मधोमध, कमलच्या बाजूला, हुश्श करून मातीत बसल्या आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "हं, सिस्टर, बोला. कशाला बोलावलंत आम्हाला?"

आम्हाला. बाई तिकडच्या झाल्या होत्या.

पण बोलले. पॅक कसे ठेवायचे असतात, मी कसे ठेवले, लस गोठली, तुमच्या पोरांना जे टोचलं त्याचा उपयोग नाही, परत टोचावं लागेल. तीन मिनिटांत संपलं. बायका एकमेकींकडं बघत होत्या आणि मला कळत होतं की आता या उठतील, बरं म्हणतील आणि घरी जातील. मग परत दिसणार नाहीत.

"मंगळवारी पोरांना ताप आला होता," खालून आवाज आला. झेंडे बाई. "तो उगीचच सोसला का त्यांनी?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. "हो," म्हटलं. "उगीच सोसला."

"परत टोचल्यावर परत येणार?"

"येऊ शकतो. एक दिवस. गोळी देईन."

"वाया गेलेलं औषध पोराच्या अंगात आहे, त्यानं काही वाईट व्हायचं?"

"सहसा नाही. टोचल्या जागी गाठ येऊ शकते. आली तर मला सांगा, मी रोज येईन."

आता एकदोघी पुढं सरकल्या. एक म्हणाली, माझ्या पोरीच्या मांडीला थोडी गाठ आहे बघा. दुसरीनं विचारलं, पुढच्या वेळी पॅक बरोबर ठेवलेत हे आम्हाला कसं कळायचं? मी म्हटलं, तुम्ही स्वतः वाजवून बघा, मगच पोर द्या. प्रश्नावर प्रश्न यायला लागले. मी घामाघूम झाले होते आणि बाईंवर मनातून चरफडत होते. माझ्या बाजूचं माणूस म्हणून आणलं आणि हिनंच मला बायकांच्या तोंडी दिलं.

आणि मग बाईंनी आणखी एक विचारलं, जरा वेगळ्याच आवाजात. "उद्या कुणाची मांडी पिकली, तर दोष कोणाला देशील? आम्हाला देशील?"

"तुम्हाला कशाला?" मी म्हटलं. "माझाच दोष. तुमचा काय संबंध?"

हौसाक्कांनी मान वळवून बाईंकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"पोरी, तू गप बसली असतीस तर आम्हाला कळलं असतं का?"

"नाही, आक्का."

"मग कशापायी सांगितलंस?"

मला एखादं चांगलं उत्तर द्यायचं होतं. कर्तव्य, प्रामाणिकपणा, असलं काहीतरी. पण त्या म्हातारीच्या डोळ्यांपुढं ते तोंडातून निघेना.

"काल सकाळपर्यंत मी गप्पच बसणार होते," मी म्हटलं. "कुपी लपवून ठेवली होती. बाईंनी शेंगोळी करून आणली, ती मला खाता येईना, म्हणून सांगितलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. हौसाक्का हसल्या नाहीत. त्या उठल्या, कमलच्या मांडीवरून प्रगतीला उचललं आणि घराकडं चालू लागल्या. कमल मागोमाग. एवढी सगळी खटपट केली ती ज्या घरासाठी, तेच उठून गेलं. मग झेंडे बाईपण उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत, आणि त्यांच्या मागं गेल्या. गोठ्याजवळ त्यांनी हौसाक्कांना गाठलेलं मला ओट्यावरून दिसलं. बाई बोलत होत्या, हौसाक्का पाठमोऱ्या ऐकत होत्या. मला वाटलं, माझ्यासाठी पदर पसरतायत. थोड्या वेळानं हौसाक्का घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

उतरताना मी धुसफुसत होते. शेवटी राहवलं नाही.

"बाई, तुम्ही माझ्या बाजूला बसायला हवं होतं."

"हळू चाल," बाई म्हणाल्या. "उतरताना गुडघा जास्त दुखतो."

"मी एकटी पडले तिथं."

"दिसत होतं मला."

एवढंच.

मंगळवारी बाई आल्या नाहीत. ऑफिसचं काम आहे म्हणाल्या. मी पहाटेच उठून पॅक बाहेर काढले आणि एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले. फाट्यावरून चढून वर पोचले तर ओटा रिकामा. दहा वाजले, साडेदहा वाजले. अंगणवाडीताईंनी चहा दिला. सरांचं खरं झालं, असं वाटायला लागलं.

अकराच्या सुमाराला ती गाठवाली आली. तिनं पोर खाली ठेवलं आणि हात पुढं केला. "द्या, वाजवून बघते." पॅक कानाशी धरून तिनं चांगला खळखळवला. मग मागून दोघी आल्या, मग पाच. प्रत्येकीला वाजवून बघायचं होतं. एक पॅक सगळ्या ओट्यावर फिरला. मी हरकत घेतली नाही, उलट मला त्या बायकांना मिठी मारावीशी वाटत होती. साडेबारापर्यंत अठरा पोरं झाली. यादीत एकच नाव उरलं: प्रगती शेलार.

एक वाजला. फाट्यावरून माझी परतीची एसटी दोनला होती. डबा बंद करणार तोच हौसाक्का येताना दिसल्या. एकट्याच, नात कडेवर.

"कमल रानात गेली," म्हणाल्या. ओट्यावर बसल्या. पॅककडं बघितलंही नाही. प्रगतीचं झबलं वर केलं आणि मांडी घट्ट धरली. "टोच."

टोचलं. पोर किंचाळलं, आक्कांनी छातीशी धरून थोपटलं. गप्प झालं तशा म्हणाल्या, "त्या दिवशी तुझी बाई माझ्यामागं आली, तुला सांगितलं का तिनं काय बोलली ते?"

"नाही."

"माझ्या थोरल्या नातवाला टोचलं होतं ना, ते तिनंच. तवा ती तुझ्यासारखी सुईवाली होती. मांडी पिकली. ती आली, बघितलं आणि माझ्या थोरल्या सुनेपुढं म्हणाली, सासूनं शेणहळद लावली म्हणून पिकलं. म्या लावली व्हती हळद. मला खरंच वाटलं." त्या थांबल्या. "अकरा वर्षं झाली. सुनेनं त्या दिवसापासून माझ्या हातात पोर दिलं न्हाई. दुसरं झालं, तिसरं झालं. वेगळी चूल मांडली तिनं. म्या काय बोलणार? माझ्याच हातून झालं म्हणून गप बसले. घरात सुईच नको म्हटलं, म्हंजी परत माझ्या हळदीचा हात लागायला नको."

मी हातातली सुई खाली ठेवली.

"गुरुवारी ती बाई म्हणती, आक्का, हळदीनं न्हाई पिकलं. त्या दिवशी घाई होती, सुया पुरत्या उकळल्या न्हाईत. मला तवाच कळलं होतं, पर तोंड उघडलं न्हाई. ही पोरगी सहा महिन्यांची, ती उभं राहून सांगती, आणि म्या अकरा वर्षं तुमच्या वाडीत मान वर करून फिरले." हौसाक्कांनी पदरानं नातीचं नाक पुसलं. "म्या दार लावलं तिच्या तोंडावर. चार दिवस माझ्या पोटात आग होती. आजपण हाय."

"मग आलात कशा, आक्का?"

"तुझ्यावर कशाला राग काढू? तू सांगितलंस." त्या उठल्या. "तिला एक निरोप दे. म्हणावं, मला सांगून काय उपयोग? थोरल्या सुनेला येऊन सांग. तिच्या तोंडावर, माझ्यादेखत."

एसटी चुकली. फाट्यापासून केंद्रापर्यंतचे तीन मैलही मी चालत आले, आणि सगळ्या वाटेवर बाईंचा राग यावा म्हणून प्रयत्न करत होते. येत नव्हता. त्या बाईनं माझ्या चुकीवर पांघरूण घालायला नकार दिला, तेव्हा तिला स्वतःची चूक आठवत होती. ओट्याखाली बसून जे विचारत होती, ते अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी तिला विचारायला हवं होतं. मला तिची एवढी माया वाटली की सांगता सोय नाही.

केंद्रात बाई रजिस्टर भरत बसल्या होत्या. मान वर न करता विचारलं, "किती?"

"एकोणीस."

पेन थांबलं. "शेवटी कोण आलं?"

"हौसाक्का. प्रगतीला घेऊन. बाई, त्यांनी मला सांगितलं." बाई माझ्याकडं बघेनात. "निरोप दिलाय तुम्हाला. म्हणाल्या, थोरल्या सुनेला येऊन सांगा. त्यांच्यादेखत."

बाईंनी रजिस्टर मिटलं. त्यावर हात ठेवून बसल्या. मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं बघत होते.

"मी येऊ तुमच्यासोबत?" मी विचारलं.

"येशील?"

"म्हणाल तेव्हा."

"मग उद्याच जाऊ. उद्याचं परवावर गेलं की मी जायची नाही." त्यांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "पण माझ्याजवळ बसू नकोस हं. तिच्याजवळ बस. तिला जे विचारायचं धाडस होणार नाही, ते तू विचार."

बुधवारी सकाळी आम्ही थोरल्या सुनेच्या ओसरीवर पोचलो. बाई उंबऱ्याजवळ उभ्या राहिल्या, हौसाक्का खांबाला टेकल्या, आणि मी आत जाऊन सुनेच्या शेजारी बसले.